साठ-सत्तरला थरथरणारी ऑटोमॅटिक: जुन्या गाडीतला लॉकअपचा दोष कसा शोधावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. गाडी जुनी, ऑटोमॅटिक, लाखभर किलोमीटर केव्हाच ओलांडलेली. शहरात काही त्रास नाही. हायवेवर इंजिन नीट गरम झालं, सपाट रस्ता लागला आणि पाय हलका ठेवून साठ ते ऐंशीच्या दरम्यान चाललो, की दोन-चार सेकंद अख्खी गाडी बारीक थरथरते. टोलनाक्याआधीच्या रंबल पट्ट्यांवरून चाक गेल्यासारखी. मग आपोआप शांत होते. गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदलतात, थरथर जाते आणि दोन-तीन महिन्यांनी परत येते. पुन्हा ऑइल. त्यानंतरच्या खेपेला निकाल लागतो: ‘गिअरबॉक्स गेला, आता गाडी काढा.’

असा निकाल अनेकदा एकही चाचणी न करता दिलेला असतो आणि त्यापायी चांगल्या गाड्या भंगारात जातात. अशी थरथर बहुधा लॉकअपची, म्हणजे इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणाऱ्या क्लचची असते, आणि लॉकअपचा दोष हा गिअरबॉक्सच्या गिअरांचा दोष नसतो. त्याला हुकूम देणारी वायर वेगळी, सोलेनॉइड (विजेवर ऑइलची वाट उघडबंद करणारा भाग) वेगळा, व्हॉल्व्ह वेगळा, आणि घासणारा भाग इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात. यातलं नेमकं काय बिघडलंय हे निम्म्याहून अधिक वेळा गाडी न खोलता कळतं.

लॉकअप काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचं पात्यांचं चाक ऑइल फेकतं आणि गिअरबॉक्सकडचं चाक त्या ऑइलच्या जोरावर फिरतं. दोघांत पक्का जोड नसल्यामुळे सरळ रस्त्यावरही दुसरं चाक पहिल्यापेक्षा थोडं मागे राहतं. ही घसरण म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल आणि ऑइलमध्ये साठणारी उष्णता. ती थांबवायला कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवतात. त्याला घर्षणाचं अस्तर असतं. ऑइलचा दाब एका बाजूने आला की तो कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणाला चिकटतो आणि इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलं जातं. दाबाची दिशा उलटली की सुटतो. ही युक्ती पॅकार्डने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिकमध्ये वापरली होती, पण घरोघरच्या गाड्यांत ती आली तेलटंचाईनंतर. क्रायस्लरने १९७८ च्या मॉडेलांपासून टॉर्कफ्लाइटमध्ये लॉकअप दिला आणि पुढच्या काही वर्षांत तो जवळजवळ सगळ्यांनी घेतला.

मुंबई-पुण्याच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीत लॉकअप फारसा लागतच नाही. त्यामुळे दोष महिनोन्‌महिने झाकलेला राहतो आणि एखाद्या लांबच्या प्रवासात एकदम समोर येतो. ‘काल सर्व्हिसिंग केलं आणि आज हे सुरू झालं’ असं वाटतं, पण सर्व्हिसिंगचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आधी खात्री: दोष लॉकअपचाच आहे का?

गाडी किमान वीस मिनिटं चालवून गरम करा. पहाटेचा मोकळा, सपाट रस्ता निवडा आणि शेजारी काटे बघायला कुणाला तरी बसवा. टॉप गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा सगळ्यात वरचा गिअर) चालू ठेवून, सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगाला या. आता अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकं टेकवा. गाडीचा वेग कमी होता कामा नये. मागचे दिवे लागतील एवढाच स्पर्श हवा. हे हळुवार जमत नसेल तर आधी रिकाम्या मैदानात सराव करा, कारण डावा पाय क्लचच्या सवयीने जोरात दाबला जातो.

लॉकअप लागलेला असेल तर ब्रेक स्विच चालू होताच तो सुटतो आणि आरपीएमचा काटा दोनशे ते चारशेने वर जातो. पाय काढल्यावर काही क्षणांत काटा परत खाली बसतो. असं घडलं तर हुकूम, सोलेनॉइड आणि क्लच तिघंही निदान काम करताहेत. काटा हललाच नाही तर दोन शक्यता उरतात: लॉकअप लागलेलाच नव्हता, किंवा लागलेला आहे आणि सुटत नाही. काही युरोपियन गाड्यांत ब्रेक टेकवल्याने लॉकअप लगेच सुटत नाही, तिथे ही चाचणी निकाल देत नाही. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून त्यातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) घसरणीचा आकडाच बघावा लागतो.

थरथर सुरू असताना हीच चाचणी केली आणि ब्रेक टेकताच थरथर थांबली, तर बोट लॉकअपकडे जातं. थांबली नाही तर टायरचं बॅलन्सिंग, ड्राइव्ह शाफ्ट, इंजिन माउंटिंग बघा. गिअरबॉक्सला हात लावू नका.

इथे एक मोठी फसगत आहे आणि अनेक कन्व्हर्टर तिच्यामुळे विनाकारण बदलले जातात. इंजिन किंचित मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर कच्चा असेल, तर लॉकअप सुटलेला असताना ऑइल ते धक्के पिऊन टाकतं. लॉकअप लागला की तेच धक्के थेट बॉडीत येतात. ब्रेक टेकवला की लॉकअप सुटतो आणि धक्के पुन्हा गायब. म्हणजे ब्रेकची चाचणी मिसिंगलाही लॉकअपचा दोष ठरवते. फरक कसा करायचा? लॉकअपची थरथर बहुधा तो लागत असतानाच्या काही सेकंदांत येते आणि हलक्या पायावर जास्त जाणवते. मिसिंग चढावर, पाय दाबल्यावर वाढतं आणि धक्के तितके नियमित नसतात. सगळ्यात चांगला पुरावा स्कॅनरचा: १९९६ नंतरच्या ओबीडी-टू (संगणकातले दोष वाचण्याची प्रमाणित सोय असलेल्या) गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत प्रत्येक सिलिंडरची मिसफायर मोजणी दिसते. ती सोय नसेल तर प्लग आणि प्लगच्या वायरी आधी बदलून बघा. कन्व्हर्टरच्या मानाने तो खर्च काहीच नाही, आणि जुन्या गाडीत ते बदलायला झालेले असतातच.

लॉकअप लागतच नाही

याची चिन्हं: हायवेवर आरपीएम पूर्वीपेक्षा जास्त, मायलेज उतरलेलं, घाटानंतर गिअरबॉक्सच्या ऑइलला करपलेला वास. टर्बाइनच्या, म्हणजे कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या चाकाच्या, वेगाचा सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीतही घसरण हिशोबाने काढता येते. समजा टायरचा घेर १.९५ मीटर, फायनल ड्राइव्ह ३.९ आणि टॉप गिअर ०.७. खऱ्या ८० च्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ६८४ फेरे घेतं, म्हणजे लॉकअप लागलेला असताना इंजिन १,८७० च्या आसपास हवं. काटा २,१५० दाखवत असेल तर लॉकअप लागलेला नाही. वेग मात्र मोबाइलच्या जीपीएसवर बघा, कारण स्पीडोमीटर बहुधा जास्तच दाखवतो. तुमच्या गाडीची गुणोत्तरं मॅन्युअलमध्ये मिळतील.

आता कारणं. पहिलं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो: थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून कधीतरी कुणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकलेला असतो. मग हायवेवर वारा लागला की इंजिन पुरेसं तापतच नाही, आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय संगणक लॉकअपला परवानगी देत नाही. मालक गिअरबॉक्सवाल्याकडे फेऱ्या मारत राहतो. तापमानाचा काटा हायवेवर नेहमीच्या जागेच्या खाली उतरत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा.

दुसरं, ब्रेक स्विच. त्याचं अॅडजस्टमेंट बिघडलं किंवा रबरी बटण झिजून पडलं की संगणकाला वाटतं ब्रेक कायम दाबलेला आहे. रात्री भिंतीपाशी गाडी मागे घेऊन लाल उजेड दिसतो का बघा. क्रूझ कंट्रोल असलेल्या गाडीत तोही चालेनासा झाला असेल तर हाच संशय पक्का.

तिसरं, थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि स्पीड सेन्सर. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज पेडल सावकाश दाबताना एकसलग चढायला हवं; मध्येच उडी किंवा खड्डा आला तर लॉकअप लागून सुटत राहतो. या लागण्या-सुटण्याचं आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: अल्टरनेटर. त्यातला डायोड खराब झाला की वायरिंगमध्ये एसी करंट मिसळतो आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ होतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा दिसला तर गिअरबॉक्स सोडून अल्टरनेटर उतरवा.

मग सोलेनॉइड. गिअरबॉक्सचा कपलर (वायरींचा जोड) सोडवून ओहम मोजायला पाच मिनिटं लागतात. जुन्या टोयोटा ऑटोमॅटिकमधल्या लॉकअप सोलेनॉइडचा आकडा ११ ते १५ ओहम यावा, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत १२ ते २५. थंड असताना मोजलंत तर गरम झाल्यावर पुन्हा मोजा. तापल्यावर तुटणारी कॉइल थंडीत ठणठणीत दिसते. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज किंवा ऑइल असेल तर ते साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅनरवर दोषांचे कोड वाचताना एक भेद लक्षात ठेवा. पी०७४३ म्हणजे वायर किंवा सोलेनॉइडची विद्युत तक्रार. पी०७४१ म्हणजे संगणकाने हुकूम दिला, वायर ठीक आहे, पण मोजणीत घसरण दिसतेय. पी०७४१ आला म्हणून लगेच सोलेनॉइड बदलणं हा अंदाजपंचे कारभार आहे. त्या कोडमागे झिजलेला व्हॉल्व्ह किंवा गुळगुळीत झालेलं अस्तरही असू शकतं. ओबीडी-टूच्या आधीच्या टोयोटामध्ये तपासणीच्या सॉकेटमधल्या टीई१ आणि ई१ या पिना जोडून ‘ओ/डी ऑफ’ दिव्याची उघडझाप मोजतात. ६४ हा लॉकअप सोलेनॉइडचा कोड. जुन्या होंडात डी४ चा दिवा लुकलुकतो. बाजारातले स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा फक्त इंजिन वाचतात, म्हणून ‘कोड नाही’ असं ऐकलं की गिअरबॉक्सचा संगणक वाचला होता का, हे विचारा.

लॉकअप सुटत नाही

हे ओळखणं सोपं आहे. सिग्नलला गाडी थांबता थांबता इंजिन धडधडतं आणि बंद पडतं, क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यासारखं. न्यूट्रल केलं तर बंद पडत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या जीएमच्या टीएच १२५सी गिअरबॉक्समध्ये ही तक्रार घरोघर होती. बारीक कचरा अडकून सोलेनॉइड जागीच राहायचा. चाचणी आजही तीच आहे. गिअरबॉक्सचा लॉकअपचा कपलर काढा आणि गाडी चालवा. इंजिन बंद पडणं थांबलं तर हुकूम चुकून चालू राहतोय, वायरिंग आणि संगणक बघा. तरीही बंद पडत असेल तर सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह आतच अडकलाय. नंतरच्या गाड्यांत गिअरचे सोलेनॉइडही त्याच कपलरवर असतात, तो काढला की गाडी लिंप मोडमध्ये (एकाच गिअरमध्ये कशीबशी चालण्याच्या अवस्थेत) जाते. तिथे वायरिंगचा नकाशा पाहून फक्त लॉकअपची वायर वेगळी करावी.

थरथर जाते आणि परत येते

मूळ तक्रार हीच होती. ऑइल बदलून थरथर जाते याचा अर्थ अस्तर आणि झाकण यांच्यातलं घर्षण बिघडलंय. ऑटोमॅटिकच्या ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित करणारी द्रव्यं असतात. ती संपली की क्लच सुळकन न बसता पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो, आणि तीच थरथर. नवीन ऑइलमध्ये ती द्रव्यं ताजी असतात म्हणून आराम पडतो. मग परत का येते? माझ्या मते तीन कारणं आहेत, आणि तिन्ही तपासल्याशिवाय कन्व्हर्टरवर येऊ नये.

एक, ऑइल पूर्ण बदललेलंच नसतं. चेंबरचा नट उघडून साडेतीन-चार लिटर येतं, पण एकूण ऑइल आठ लिटर असेल तर उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये असतं. आठातलं साडेतीन एकदा बदललं की ५६ टक्के जुनंच राहतं. मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ३२, तिसऱ्यांदा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तीनदा काढा-भरा करणं हाच साधा, सुरक्षित उपाय आहे. मशीन लावून दाबाने फ्लश करण्याला जुन्या, वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये माझा विरोध आहे. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्हांच्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांत जाऊन बसतो.

दोन, ऑइल चुकीचं. लाल दिसतं ते सगळं एकच नव्हे. जुन्या होंडांना होंडाचंच झेड-१, आणि आता त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१ लागतं. मित्सुबिशीला आणि त्या काळच्या बऱ्याच ह्युंदाईंना एसपी-थ्री. टोयोटात वर्षानुसार डेक्स्रॉन, टी-फोर किंवा डब्ल्यूएस. डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते वाचा आणि डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. होंडात किंवा मित्सुबिशीत साधं डेक्स्रॉन भरलं की काही हजार किलोमीटरमध्ये थरथर हजर होऊ शकते.

तीन, आणि हे सगळ्यात घातक: ऑइलमध्ये कूलंट. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असतो. आतली नळी फुटली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडरमध्ये हा दोष कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांपैकी कुणाकडे ती असेल तर रेडिएटर आजच बघा. ऑइल गुलाबी दुधासारखं झालं तर कुणालाही कळतं, पण थोडंसं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि तेवढंही अस्तराचा गोंद सोडवायला पुरतं. कूलंटची टाकी हळूहळू उतरतेय, बाहेर कुठे गळती नाही आणि थरथर सुरू झाली, हे तिन्ही एकत्र आलं तर रेडिएटरची प्रेशर टेस्ट करा आणि ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या.

थरथर घालवणाऱ्या लहान ट्यूब मिळतात. त्यात तीच घर्षणाची द्रव्यं असतात. निदानासाठी एकदा वापरायला हरकत नाही: ती टाकून थरथर लगेच गेली तर दोष घर्षणाचा आहे हे सिद्ध झालं. इलाज म्हणून दर दोन महिन्यांनी ओतत राहणं म्हणजे अस्तर झिजू देणं.

हे सगळं नीट करूनही दोष परतला तर व्हॉल्व्ह बॉडी. अॅल्युमिनियमच्या भोकात लोखंडी व्हॉल्व्ह सतत पुढेमागे होतो आणि भोक मोठं होतं. दाब गळतो, क्लच पुरता आवळला जात नाही, घसरतो, तापतो, अस्तर करपतं. जीएमच्या ४एल६०ईमध्ये यामुळे पी१८७० हा कोड येतो आणि भोक रीम करून (कापून एकसारखं करून) मोठा व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह बसवणं हा त्याचा प्रचलित इलाज आहे. अशा गाडीत नुसता कन्व्हर्टर बदलला तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

मर्सिडीजवाल्यांसाठी थोडं वेगळं

पिंपरीत १९९५ पासून ई-क्लासची जोडणी सुरू झाली, त्यामुळे या गाड्या आपल्याकडे अजून बऱ्यापैकी दिसतात. त्यातल्या जुन्या डब्ल्यू१२४ पिढीमधल्या चार गतींच्या ऑटोमॅटिकला लॉकअप नाहीच. थरथर असेल तर कारण दुसरीकडे शोधा. नंतरच्या डब्ल्यू२१० पिढीमध्ये पुढे आलेल्या पाच गतींच्या ७२२.६ या गिअरबॉक्समध्ये मात्र लॉकअप आहे, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये, आणि तो मुद्दाम थोडी घसरण ठेवून चालतो. म्हणून त्याला ऑइलची प्रत फार लागते; मर्सिडीजच्या २३६.१४ प्रमाणाचं ऑइल वापरा. भरायच्या नळीत डिपस्टिक नसते, कारखान्याची लांब पट्टी घालून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ८० अंशांवर असताना पातळी बघतात. थंड असताना अंदाजाने भरलेलं ऑइल जास्त होतं आणि फेसाळतं.

या गिअरबॉक्सच्या तेरा पिनांच्या कपलरच्या बैठकीतली ओ-रिंग कडक होऊन गळते. ऑइल वायरींच्या आतून चढत थेट संगणकापर्यंत पोचतं. संगणकाकडचा कपलर काढून आत बोट फिरवा. ओला लागला तर लॉकअपचे, गिअरचे, सगळेच विचित्र दोष तिथून येत असतील. बैठक स्वस्तात मिळते.

कन्व्हर्टर उतरवायचाच ठरला तर

दुरुस्ती करणारे तो लेथवर वेल्डवरून कापतात, अस्तर बदलतात, पुन्हा वेल्ड करून गळती आणि बॅलन्स तपासतात. बॅलन्सिंग करत नाही असं म्हणणाऱ्याकडे देऊ नका. भंगारातून आणलेला न उघडलेला कन्व्हर्टर घेण्यात अर्थ नाही. तो कुठल्या गाडीतून आणि कशासाठी निघाला हे कुणालाच ठाऊक नसतं. कूलर आणि त्याच्या नळ्या त्याच वेळी धुऊन घ्या, नाहीतर जुन्या अस्तराचा चुरा नव्यात परत येतो.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत फिरवत पंपात शेवटपर्यंत गेला पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनाला भिडल्यावर, बोल्ट आवळायच्या आधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाकडच्या ज्या तबकडीला तो बोल्टने जोडतात तिच्यापासून) थोडं अंतर सुटतंय का, हे बघायला सांगा. नीट न बसलेला कन्व्हर्टर बोल्टने ओढून घेतला की पंप तिथेच तुटतो. काम झाल्यावर कोड पुसून, ज्या गाड्यांत सोय आहे तिथे गिअरबॉक्सचं अॅडॅप्टेशन (संगणकाने शिकून ठेवलेली जुनी मापं) रीसेट करून, सुरुवातीची ब्रेकची चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा करा आणि काट्याचे दोन्ही आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. काही हजार किलोमीटरनंतर तेच आकडे परत ताडून बघा. फरक वाढत चालला असेल तर दाब अजून कुठेतरी गळतोय आणि व्हॉल्व्ह बॉडी उघडायला हवी.